आप्पांच्या दोन बोटांचं माप

चैत्र लागला की चाकणकडून निघोज्याकडे येणाऱ्या रस्त्यावर खांबाखांबाला फ्लेक्स लागतात. बैलगाड्यांच्या शर्यती, कुस्त्या, कुठल्या गावची जत्रा कुठल्या तारखेला. त्याच रस्त्यानं कंपन्यांच्या बस ये-जा करत असतात, आणि दोन शेडच्या मधे राहून गेलेल्या तुकड्यांत बायका कांदा काढत बसलेल्या असतात. पात कापलेल्या कांद्याचा तो ओला, तिखट वास बसच्या खिडकीतून सरळ आत येतो. परवा कंपनीच्या गेटवर उतरले तेव्हा वारा नेमका शेतांकडून आला, आणि मी हातात कार्ड धरून तशीच उभी राहिले. मागची मुलगी म्हणाली, “मॅडम, चला ना, लाइन लागलीय.”

या वासाबरोबर मला चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. सासऱ्यांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटला होता, तो उन्हाळा.

आप्पा माझे सासरे. जमीन बरीचशी एमआयडीसीत गेली, दीड एकर उरली. त्या दीड एकरात कांदा, आणि उरलेलं आयुष्य भोसरीच्या एका वर्कशॉपात प्रेस मशीनवर. सत्तावीस वर्षं सायकलनं, मग मोपेडनं. रिटायर झाल्यावर त्यांचा दिवस शेतात जायचा आणि दिवेलागणीला ते गोठ्यापुढच्या बाजेवर येऊन बसायचे. शेजारी पाण्याचा तांब्या, कागदावर शेंगदाणे, हातात स्टीलचा ग्लास. ग्लासाला बाहेरून दोन बोटं आडवी लावायची, तेवढी ओतायची, वर पाणी घालायचं. ते संपलं की तसंच आणखी एकदा. मग उठून हातपाय धुऊन जेवायला.

घेतल्यावर त्यांचा आवाज कधी चढला नाही की पाय कधी अडखळला नाही. गावात म्हणायचे, आप्पा घेत्यात पण कळत न्हाई. हे कौतुकानं म्हणायचे. लग्न होऊन मी लातूरकडून या घरात आले तेव्हा मलाही त्याचं बरंच वाटलं होतं. मी ज्या घरातून आले होते तिथे कळायचं.

त्या वर्षी कांदा चांगला आला होता. काढणीच्या तिसऱ्या दिवशी आप्पा भर सकाळी बांधावर बसले ते उठेनात. “ऊन लागलं असंल,” आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी आप्पांच्या पायातली चप्पल काढली, तर पट्ट्याच्या जागी खोल खळगा. मी अंगठ्यानं घोट्याजवळ दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. तसा खड्डा मी आधी एकदा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी मीच सुट्टी टाकली आणि त्यांना स्कूटरवर बसवून चाकणला डॉक्टरांकडे नेलं. मी नेलं, कारण नितीन, म्हणजे माझा नवरा, आणि आप्पा यांच्यात बोलणं असं नव्हतंच. नितीन बारावीत असताना एकदा आप्पांना म्हणाला होता, “तुम्ही हे बंद करा.” आप्पा म्हणाले होते, “मी कुणाला तरास देतो का?” बस, एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. पण तेव्हापासून बाप-लेक एकाच टोपलीतली भाकरी खात आणि बोलत मात्र तिसऱ्या माणसातर्फे. “त्यांना विचार, मोटार कधी बंद करायची.” “त्याला म्हणावं, दहाच्या ठोक्याला.” दोघंही तिथेच उभे असायचे.

डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. सोनोग्राफी, रक्त सगळं झालं. रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी विचारलं, “दारू घेता?”

“कधीमधी.”

“कधीमधी म्हणजे?”

“थोडी.”

“थोडी म्हणजे किती, बाबा?”

आप्पांनी हवेत दोन बोटं आडवी धरून दाखवली. “एवढी.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि माझ्याकडे बघत लिहायला लागल्या. जितके मिली पोटात गेले ते, गुणिले बाटलीवर लिहिलेला टक्का, भागिले शंभर. त्याला परत शून्य पॉइंट आठनं गुणायचं, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. येईल ते उत्तर म्हणजे निव्वळ अल्कोहोल, ग्रॅममध्ये. “थोडी, दोन बोटं, यातून मला काही कळत नाही. मला ग्रॅम सांगा. लिव्हरला सूज आहे, चरबी आहे, पण अजून मागं फिरता येईल असं वाटतंय. आणि एक लक्षात ठेवा. उद्यापासून एकदम बंद करू नका. रोज घेणाऱ्यानं अचानक सोडली तर फीट येऊ शकते. आधी किती जाते ते कळू दे. मग मी सांगेन तसं उतरवत न्यायचं.”

परत येताना आप्पा मागे बसले होते. कंपन्यांची रांग संपून शेतं लागली तेव्हा म्हणाले, “बाटलीवर टक्का असतो व्हय? मी कधी वाचला न्हाई.” प्रेसवर असताना कागदावरची बारीकसारीक मापं वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस तो.

माझं कामही मापाचंच. मी क्वालिटीत आहे. इंजिनात बसणाऱ्या एका पिनेचा व्यास मी दिवसभर तपासते, आणि केसाच्या जाडीहून कमी फरकावर ती पिन बाजूला काढते. शनिवारी दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून मी मुलीच्या तापाच्या औषधाचं ते छोटं प्लास्टिकचं माप घेतलं, दहा मिलीची रेघ असलेलं. “आप्पा, तुमचा ग्लास आणा. रोज ओतता तेवढं पाणी ओता.”

आप्पांनी ग्लासाला दोन बोटं लावली, डोळा बारीक केला आणि पाणी ओतलं. त्यांचा हात पक्का होता. मी ते पाणी मापात भरून भरून पातेल्यात टाकत गेले. त्यांच्या अंदाजानं दोन बोटं म्हणजे तीस मिली, तीनदा भरायला हवं होतं. नऊदा भरलं.

“नव्वद,” मी म्हटलं. “आणि असं दोनदा. एकशे ऐंशी.”

बाटलीवर बेचाळीस पॉइंट आठ लिहिलेलं होतं. आप्पांनी मुलीची पेन्सिल घेतली आणि कागदावर गुणाकार मांडला. सातवीपर्यंतची शाळा, पण गुणाकार सुबक, हातचे डोक्यावर लिहिलेले. रोजचे एकसष्ट पॉइंट सहा ग्रॅम.

“आणि रविवारची बिअर?”

“बीर मी धरतच न्हाई. ती उन्हाची असती.”

तरी धरली. मोठी बाटली साडेसहाशेची, स्ट्राँग, आठ टक्के. एका बाटलीचे एकेचाळीस पॉइंट सहा. आप्पांनी परत गुणलं. परत तेच आलं. “म्हंजी दोन बोटांपरीस ही जास्त?”

“एका ग्लासापेक्षा जास्त. दहा-अकरा ग्रॅमनं.”

“आयला,” आप्पा हळूच म्हणाले. उन्हाची म्हणून ते रविवारी दोन घेत.

आठवड्याची बेरीज पाचशे चौदा आली. त्या आकड्याचा अर्थ आम्हा दोघांच्या आधी आत्यांना कळला. त्या मागे ज्वारी निवडत बसल्या होत्या. उठल्या, फळीवरून साखरेचं अर्ध्या किलोचं पुडकं काढलं, आप्पांच्या पुढ्यात ठेवलं आणि अंगणात निघून गेल्या. आप्पा बराच वेळ त्या पुडक्याकडे बघत बसले. मग त्यांनी ते उचलून हातात तोललं.

अशी वही सुरू झाली. मुलीच्या शाळेची अर्धी उरलेली वही. तारीख, मिली, टक्का, ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी डॉक्टरबाई ती बघायच्या आणि पुढच्या पंधरवड्याचं माप ठरवून द्यायच्या. ग्लासाऐवजी औषधाचं माप आलं. नितीनला हे आवडलं नव्हतं. “दारूची वही लिहायची? बंद करा म्हणावं सरळ,” तो मला म्हणाला. “तूच म्हण ना,” मी म्हटलं. तो शर्ट घालून बाहेर गेला. आत्यांना देव्हाऱ्याच्या फळीवर ती वही नको होती, म्हणून ती पिठाच्या डब्यावर राहायची आणि तिच्या कडांना कायम पीठ लागलेलं असायचं.

एका संध्याकाळी मी आकडे लिहीत होते. आप्पा बाजेवर, मी खाली पायरीवर. गोठ्यात गाय रवंथ करत होती, वाटेनं दुसऱ्या शिफ्टची बस हॉर्न देत गेली. आप्पांनी विचारलं, “तुझं वडील किती घ्यायचं गं?”

या घरात अण्णांबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. ते कशानं गेले हे सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत आहे म्हणूनच कुणी विषय काढत नसे.

अण्णांचं गावाकडे ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ते सांगायचे कुठं काय बिघडलंय. मी लहान असताना मला टुलबॉक्सवर बसवून पाने ओळखायला लावायचे, बाराचा दे, चौदाचा दे. मी क्वालिटीत कशी आले असं कुणी विचारलं तर मला ते तेलकट पाने आठवतात. बावन्नाव्या वर्षी त्यांचे पाय सुजले, दाबलं की खड्डा राहायला लागला, डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि त्यांना लातूरला ॲडमिट केलं. शिकाऊ डॉक्टर फॉर्म भरत होता. त्यानं विचारलं, “रोज किती घेत होते?” आईनं माझ्याकडे पाहिलं. मी भावाकडे पाहिलं. आम्ही रागावलो होतो, रडलो होतो, बाटल्या फोडल्या होत्या, देवाच्या शपथा घातल्या होत्या. किती, हे मात्र आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं. त्या पोरानं थोडा वेळ वाट पाहिली आणि त्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहून पान उलटलं. पाचव्या दिवशी अण्णा गेले.

मी आप्पांना एवढंच म्हटलं, “माहीत नाही, आप्पा. आम्ही कधी विचारलंच नाही.”

 आप्पांनी हात पुढे केला. “आण ती वही. आजपास्नं मीच लिवतो.”

लिहायला लागले, आणि दोन आठवड्यांतच आकडे सुरेख उतरले. रोज साठ मिली, वीस पॉइंट पाच ग्रॅम. सोमवारी वीस पॉइंट पाच, मंगळवारी वीस पॉइंट पाच, शुक्रवारी, रविवारी तेच. आत्या खूश. मी पान बघितलं आणि बोट एकेका ओळीवरून खाली नेलं. आमच्या लाइनवर एखादा ऑपरेटर न मोजता रीडिंग भरतो तेव्हा ती अशीच दिसतात. खऱ्या मोजमापात थोडं इकडे, थोडं तिकडे होतंच. माणूस जिता-जागता असेल तर दोन दिवस सारखे नसतात.

मी त्यांना शेतात गाठलं. काढलेला कांदा सावलीला पसरला होता, ते पात कापत होते. मी शेजारी बसून विळा घेतला. दहा-बारा कांदे झाल्यावर म्हटलं, “आप्पा, कंपनीत सगळी रीडिंग सारखी आली की आम्ही तो लॉट थांबवतो.”

त्यांचा हात थांबला. कांद्यानं दोघांच्याही डोळ्यांना पाणी होतं, त्यामुळे कुणाचं काय ते कळायची सोय नव्हती.

“जास्त लिहिलेलं चालेल मला,” मी म्हटलं. “खोटं नको. खोट्यावर डॉक्टर औषध देतील, तेही खोटंच लागू पडेल.”

ते त्या दिवशी बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, सून असून जास्त बोलले. तिसऱ्या दिवशी पीठ घ्यायला डबा उघडताना वही हातात आली. सगळे वीस पॉइंट पाच एकेका रेघेनं खोडलेले, आणि वर निळ्या शाईत नवे आकडे. एकेचाळीस. तीस. बासष्ट. सत्तावीस. खाली जागा नव्हती म्हणून समासात आडवं लिहिलं होतं, ‘चुकलं. आठवलं तेवडं खरं लिवलं हाय.’

मी ते पान घेऊन ओट्याशी उभी राहिले आणि भाकऱ्या थापायला उशीर झाला.

वैशाखात आमच्या गावची जत्रा आली. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी दुपारी मटणाच्या पंगती. घरामागे मांडव घातला होता, पाव्हणे पन्नासेक. नितीन पाणी वाढत होता, मी भाकरीची टोपली घेऊन फिरत होते. आप्पांचे मावसभाऊ बबनतात्या पिशवीतून एक प्लास्टिकची बाटली घेऊन आले होते, पाण्यासारखी पांढरी, कुणीतरी घरी काढलेली. त्यांनी पेल्यात ओतून आप्पांच्या पुढे धरली.

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “ही मला लिवता यायची न्हाई.”

“काय लिवता यायची न्हाई?”

“हिच्यावर टक्का न्हाई.”

पंगतीत हशा उठला. तात्यांनी बाटली उलटीपालटी करून टक्का शोधल्यासारखं केलं, आणखी हशा. मग ते म्हणाले, “आप्पा, आता सुनेला भ्यायला लागला का राव?”

आप्पांनी रश्श्यात भाकरी कुस्करली. सावकाश, नीट. “व्हय, भेतो,” ते म्हणाले. “तिच्या बापाला जे कुणी इचारलं न्हाई, ते ती मला रोज इचारती. तुला कुणी इचारतं का, बबन?”

हसू जागच्या जागी विरलं. तात्या पेला खाली ठेवून जेवायला लागले. मी पुढच्या पानावर भाकरी वाढली, त्याच्या पुढच्या पानावर वाढली. ओळीच्या टोकाला पाण्याचा जग घेऊन नितीन उभा होता. त्यानं ऐकलं होतं. कुणीतरी “पाणी” म्हणालं तेव्हा तो भानावर आला.

पुढचं सगळं सरळ रेषेत झालं असं नाही. पावसाळ्यात आप्पांचे हात थरथरायचे, चहाची बशी खळखळायची. चिडायचे, आत्यांवर, गायीवर, वहीवर. गणपतीत एक आठवडा आकडे परत वर गेले, आणि तेही खरे लिहिले. दिवाळीच्या आत मात्र ग्रॅमच्या रकान्यात शून्य आलं, मग त्याखाली शून्य, मग पानभर शून्यं. शून्यं सगळी सारखी असूनही त्या पानाचा मला संशय आला नाही. पायाची सूज गेली. वर्षानं सोनोग्राफी केली तेव्हा डॉक्टरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, “फिरलं बरं का मागं. पूर्ण नाही, पण फिरलं.” घरी आल्यावर आत्यांनी कधी नव्हे ते आप्पांना विचारून गोडाचं केलं.

मला अण्णांची आठवण येते ती अशा चांगल्या बातमीच्या दिवशी जास्त. हे गणित इतकं साधं होतं. लातूरकडच्या त्या घरात आम्हा भावंडांना गुणाकार येत होता, बाटल्यांवर टक्के छापलेले होते. पण आम्हाला वाटायचं मोजणं म्हणजे मान्य करणं. मोजणं म्हणजे जवळ बसणं असतं, हे मला आप्पांच्या बाजेखालच्या पायरीवर बसल्यावर कळलं, आणि तोवर अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

यंदाची जत्रा गेल्या आठवड्यात झाली. पाव्हणे पांगले होते, मांडवाचे बांबू काढायचे बाकी होते. दुपारी चारचं ऊन. आप्पा बाजेवर पडून होते, आता ते सत्तरीच्या पुढे गेलेत. मी आतून ताटं धुवायला घेऊन येत होते, तर नितीन खुर्ची ओढून आप्पांच्या शेजारी बसलेला दिसला. हातात मोबाइल, त्यावर त्याच्या कंपनीतल्या आरोग्य तपासणीचा रिपोर्ट. तो मला दोन दिवस आधीच कळला होता. लिव्हरवर चरबी, आणि फॉर्मवर त्यानं उत्तर लिहिलं होतं, फक्त वीकेंडला.

“आप्पा,” नितीन म्हणाला. मधे कुणी नसताना. “माझं किती होतंय ते काढता का?”

आप्पा उठून बसले. उशाजवळचा चष्मा लावला. “काय घेतोस?”

“बिअर. कॅन.”

“केवढा?”

“पाचशेचा.”

“टक्का?”

नितीननं मोबाइलवर शोधलं. “आठ.”

“म्हंजी एकाचं बत्तीस.” आप्पांना आता कागद लागत नाही. “आठवड्याला किती?”

“शनिवारी चार.” जरा थांबून, “रविवारी दोन.”

आप्पांचे ओठ हलले. “एकशे ब्याण्णव.”

नितीन खाली बघत होता. वीस वर्षांपूर्वी बारावीतला मुलगा आपल्या बापाला जे म्हणाला होता, ते आता बापानं मुलाला म्हणायची वेळ होती. म्हणाले असते तर नितीननं ऐकूनही घेतलं असतं. मी दारातच थांबले, ताटांचा आवाज होऊ नये म्हणून ती पोटाशी धरून.

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला.

“सोमवारी जाऊ डॉक्टरबाईकडं,” ते म्हणाले. “मी येतो तुझ्यासंगं.”

“मी जाईन की, आप्पा. तुम्ही कशाला उन्हाचं.”

“एकट्यानं आकडा सांगताना जीभ अडती. मला ठावं हाय.”

 नितीननं आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“या,” तो म्हणाला.